वैनगंगेकाठी चित्रपटांचा महिना

जबलपूरहून बालाघाटास जायचे म्हणजे आमच्या लहानपणी एक सबंध दिवस खर्ची पडत असे. गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या कुशीतून काढला, आणि त्यावरची ती खेळण्यातल्यासारखी गाडी चढावर इतकी मंदावे की धाडसी मुले खाली उतरून बरोबरीने चालत आणि पुन्हा चढत. २०१५ साली जबलपूर-नैनपूर भागातील ती गाडी बंद झाली. आता रुंद मार्ग झाला आहे. लामटा, चारेगाव ही स्थानके खिडकीशी येतात न येतात तोच निघून जातात. डब्यात चढताना घेतलेला चहा पुरता निवण्याच्या आत आपण अर्ध्या वाटेवर असतो. सोय झाली हे खरे. पण त्या जुन्या गाडीत माणसाला माहेरी पोहोचण्यापूर्वी मनाने पोहोचायला जो वेळ मिळे, तो आता मिळत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ; वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, कानाने थोडा मंद, स्वभावाने मुळीच नाही. म्हणाला, "डिसेंबरात ये. महिनाभर राहा. आम्ही इथे सिनेमे दाखवून राहिलो आहो." हे 'दाखवून राहिलो' ऐकले की मला हटकून घरची ओसरी आठवते. पुण्या-मुंबईचे पाहुणे या बोलीला हसतात. आम्हाला मात्र त्यात आमचा पत्ता सापडतो. मी विचारले, सिनेमे कसले? तर म्हणाला, "सगळ्या तऱ्हेचे. शनिवारी एक, रविवारी एक, चार आठवडे. हॉल मिळाला आहे."

बालाघाटाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ते नाव कान्हाच्या अभयारण्याला जाताना वाटेवरच्या पाटीवर तेवढे वाचलेले असते. घाटांच्या वरचा प्रदेश तो बालाघाट. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ साली हा जिल्हा बनविण्यात आला, आणि मुख्य गावाचे जुने नाव बूढा असे होते. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात भाताची शेते, वर बैहरच्या बाजूस साल आणि बांबूची राने, त्यांत गोंड आणि बैगा यांची वस्ती. गावापासून हाकेच्या अंतरावर भरवेलीची मँगनीजची खाण आहे. ती जमिनीखाली फार खोल गेलेली आहे. तिकडे मलाजखंडला तांब्याची खाण आहे, ती १९८२ पासून चालू आहे. आणि डिसेंबरात सर्वत्र नव्या तांदळाचा वास. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या आईला ते कळते तर ती म्हणाली असती, वास घेतला असता तर कागद कशाला लागला असता?

मराठी घरे इथे कशी आली, हेही सांगण्यासारखे आहे. मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती आणि बालाघाट नागपूर विभागात होते. त्यामुळे कचेऱ्या, न्यायालये, शाळा, खाणींची कार्यालये या सर्व ठिकाणी नागपूर-भंडाऱ्याकडची माणसे येत, घरे बांधत, आणि आपण परक्या मुलखात आलो आहोत असे त्यांच्या मनातही येत नसे. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ झाली. आमचे वडील मँगनीजच्या कचेरीत कारकून होते. दादा तेव्हा बारा वर्षांचा होता. तो सांगतो की त्या दिवशी काहीसुद्धा घडले नाही. वडील नेहमीच्या वेळी जेवले आणि सायकल काढून कामावर गेले. पण संध्याकाळी ते आईला म्हणाले, "आजपासून गोंदिया परमुलूख झाला." गोंदिया चाळीस किलोमीटर! आमची मावशी तिथे होती आणि आमचे दळणही कधी कधी तिच्याकडून येई.

तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशी वाटणी झाली, ती आजतागायत. पहिल्या पिढीला ती जाणवली, दुसरीला अंगवळणी पडली. तिसरीचे काय झाले ते दादाच्या नातीकडे पाहून कळते. ती एकोणीस वर्षांची, स्थानिक महाविद्यालयात शिकणारी, हुशार मुलगी. मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. आजोबांनी मराठीत हाक मारायची, तिने हिंदीत ओ द्यायची. वहिनी म्हणते, "भांडण नको म्हणून मी मध्ये पडत नाही." माझ्या स्वतःच्या घरी जबलपुरात याहून निराळे चित्र नाही, तेव्हा मीही मध्ये पडत नाही.

तर आता त्या सभागृहाकडे वळू. गावातल्या एका जुन्या कलामंडळाचे ते नाट्यगृह; दोनएकशे खुर्च्या, त्यांतल्या काहींना एक हात नाही. रंगमंचावर पांढरा पडदा ताणला होता, मागे भिंतीवर जुन्या नाटकांच्या छायाचित्रांच्या चौकटी. प्रोजेक्टर एका बँकेतल्या गृहस्थांनी स्वतःचा आणला होता. पूर्वीच्या काळी अशा मंडळींना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून सोळा मिलिमीटरच्या रिळांच्या पेट्या मागवाव्या लागत. पेटी वेळेवर पोहोचली नाही तर प्रेक्षक रिकाम्या पडद्यासमोर बसत. आता चित्रपट खिशात मावतो. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची परवानगी मिळविणे एवढे मात्र अजून पेटी मागविण्याइतकेच जिकिरीचे आहे, असे बँकवाले गृहस्थ म्हणाले.

मंडळ सात जणांचे. त्यात दादा एकटा मराठी. आणि यादी ठरविताना जी खडाजंगी झाली ती मला त्याने पहिल्याच रात्री, हात धुण्यापूर्वीच, सांगितली. आठ चित्रपटांपैकी मराठी किती? दादा म्हणाला तीन. एक सदस्य म्हणाले, एक पुरे. आपल्या वीस घरांसाठी तीन संध्याकाळी कशा द्यायच्या? ते वाईट हेतूने बोलले नव्हते. हिशेबच मांडला होता, आणि हिशेब बरोबर होता. पण 'आपल्या वीस घरांसाठी' हे शब्द दादाला लागले. सत्तर वर्षे ज्या गावात काढली, ज्या गावाच्या गणेशोत्सवात नाटके बसवली, त्या गावात आपण मोजण्याएवढे झालो, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. शेवटी तीन मान्य झाले, कारण दादाने सभागृहाचे वीजबिल स्वतः भरण्याचे कबूल केले. हे वहिनीला ठाऊक नव्हते. आता हे वाचून ठाऊक होईल.

पहिल्या शनिवारी चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'. १९३६ सालचा हा चित्रपट. बोलपट येऊन बरीच वर्षे झाल्यावरही चॅप्लिनने हट्टाने जवळजवळ मुका ठेवलेला. भाषेचा प्रश्नच नव्हता, म्हणून आरंभाला निवडला होता. माझ्या पुढच्या रांगेत भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले तिघे बसले होते. कारखान्यातल्या मजुराला यंत्र जेवू घालते, तो प्रसंग आला आणि ते तिघे असे हसले की एकाला ठसका लागला, पाणी आणावे लागले. बाहेर पडताना तो म्हणाला, "अपना फोरमैन देखता तो ऑर्डर दे देता."

दुसऱ्या दिवशी 'दो बीघा जमीन'. त्या रात्री मात्र हसणे नव्हते. बिमल रॉय यांनी १९५२ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' पाहिला आणि वर्षभरात हा चित्रपट केला. म्हणून मंडळाने ते दोन्ही यादीत ठेवले होते. इटालियन चित्रपट पुढच्या आठवड्यात. बलराज साहनींचा शंभू अखेरीस आपल्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या कुंपणाशी येतो आणि मूठभर माती उचलतो, तीही त्याला टाकून द्यावी लागते. ज्या जिल्ह्यात खाणींसाठी जमिनी गेल्या आणि कान्हाच्या गाभ्यातून गावे उठविली गेली, तिथे हा प्रसंग निव्वळ नाट्य म्हणून कोण पाहणार? दिवे लागल्यावर थोडा वेळ कोणी खुर्ची सरकवली नाही. मग कोणीतरी चहाचे विचारले.

या गावात असा उपक्रम करणे म्हणजे हौसेचा अतिरेक, असे मला जाण्यापूर्वी वाटले होते. पण कर्नाटकातील हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचे एक खेडे, तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेने १९७० नंतरच्या दशकात खेडुतांना 'पथेर पांचाली', 'राशोमोन', 'बायसिकल थीव्ज' दाखविले आणि ती माणसे त्यांत रमली. पुण्याहून सतीश बहादूर आणि चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्या कामाच्या पाठीशी होते. 'लोकांना कळणार नाही' हे म्हणणाऱ्यांना लोकांविषयी फारच थोडे कळलेले असते. याचा प्रत्यय मला दुसऱ्या आठवड्यात आला.

दुसऱ्या शनिवारी 'संत तुकाराम' होता. प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, हाही १९३६ सालचाच. म्हणजे चॅप्लिनच्या यंत्राचा आणि तुकोबांच्या विमानाचा जन्म एकाच वर्षी. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात तो दाखविला गेला आणि नावाजला गेला. विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तुकोबांच्या भूमिकेतील त्यांचा तो आर्जवी, किंचित हरवलेला चेहरा एकदा पाहिला की देवघरातल्या तसबिरीवरही तोच बसतो. आमच्या घरातल्या तसबिरीचे तसेच झाले आहे.

अडचण ही निघाली की मिळालेल्या प्रतीवर अक्षरे इंग्रजी होती, आणि सभागृहात निम्म्याहून अधिक माणसे हिंदीच जाणणारी. शिवाय त्या दिवशी बाजारासाठी आलेली लांजी-वारासिवनीकडची खेड्यांतली काही मंडळी, तुकारामाचे नाव ऐकून, बोचकी घेऊन येऊन बसली होती. दुपारी मंडळात विचार झाला की कोणीतरी ध्वनिक्षेपकावर थोडे थोडे हिंदीत सांगावे. दादाचा आवाज चढतो आणि कान साथ देत नाहीत. मग त्याने नातीला सांगितले. ती म्हणाली, "मुझसे नहीं होगा." वहिनी म्हणाली, राहू दे. दादा काही बोलला नाही, आत जाऊन निजला. चार वाजता ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आत्याआजी, एक बार मेरे साथ देख लो, फिर सोचूँगी." आम्ही तिच्या भ्रमणध्वनीच्या हातभर पडद्यावर तो चित्रपट संध्याकाळपर्यंत पाहिला. ती पुन्हा पुन्हा थांबवी आणि विचारी.

रात्री ती पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसली. पहिली दहा मिनिटे तिचा आवाज कापत होता. मग स्थिरावला. अभंग चालू असले की गप्प राहायचे, हे तिने आपणहून ठरविले होते आणि ते फार चांगले केले. जिजाई आली आणि सभागृहाचा नूर पालटला. चित्रपटाचे नाव तुकारामाचे, पण घर जिजाईचे. नवरा देवाच्या मागे, पोरे भुकेली, घरात दाणा नाही. ती तोंडाने आग पाखडते आणि हातांनी काम करते. इथे माझ्या नातीचे अडले. जिजाईच्या तक्रारीचा सारांश सांगताना ती म्हणाली, "वो कह रही है कि इनको संसार की चिंता नहीं." झाले! हिंदी ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला: याला जगाची फिकीर नाही. संतच तो, त्याला जगाची फिकीर कशाला असेल? पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी तर भक्तिभावाने मान डोलावली. जिजाईची जी जळती तक्रार, ती तिच्या नवऱ्याची स्तुती होऊन बसली.

तेवढ्यात मागून एक म्हातारी मोठ्याने बोलली. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. ती पोवारीत बोलली. वैनगंगेच्या खोऱ्यातली ही पोवारांची बोली. तिच्यात 'मोरो', 'तोरो' येते, 'आहे' ला 'से' म्हणतात, आणि मराठी कानाला ती एखाद्या लांबच्या आत्याच्या आवाजासारखी ओळखीची वाटते. ती म्हणाली ते मराठीत सांगायचे तर असे: अगं पोरी, दुनिया नव्हे! घरातली चूल, लेकरे, उसनवारी, तो संसार. त्याची याला काळजी नाही, म्हणून ती बोंबलते आहे! सभागृह हसले, नातही हसली, आणि तिने ध्वनिक्षेपकावर दुरुस्ती केली: "घर-गिरस्ती, घर-गिरस्ती की चिंता नहीं." जिजाई चप्पल हातात घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला निघाली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका तिच्या बाजूने इतक्या उघडपणे बोलू लागल्या की माझ्या नातीला भाषांतर करण्याचे कारणच उरले नाही. शेवटी विमान येते, तुकोबा बोलावतात आणि जिजाई आपल्या रांधण्यात असते, वैकुंठाला जात नाही. ती म्हातारी पुन्हा बोलली. या वेळी हळू. ते मला ऐकू आले नाही.

इतकी वर्षे आम्ही समजत होतो की या गावात मराठी म्हणजे आमच्या वीस घरांच्या ओसरीतली वस्तू, आणि तिची राखण आम्ही करतो. सहा कोसांवरून तांदूळ विकायला येणारी, कोणत्याही मराठी मंडळाची सभासद नसलेली बाई 'संसार' हा शब्द आमच्या नातीला शिकवून गेली. दादाने त्या बाईला शोधून चहा पाजला. ती काय बोलली ते त्याला ऐकू गेले असेल याची मला खात्री नाही, पण दोघे बराच वेळ बोलत उभे होते.

तिसऱ्या आठवड्यात 'पथेर पांचाली' आणि 'जैत रे जैत' होते. अपू आणि दुर्गा काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत आगगाडी पाहायला जातात, त्या प्रसंगी आमच्या पिढीच्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आमची ती अडीच फुटी गाडी आली असणार. दादाने माझे कोपर दाबले, एवढे पुरे. इंदिर ठाकरूनची भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी त्या वेळी ऐंशीच्या घरातल्या होत्या. त्यांना पाहून वहिनी म्हणाली, "ही तर आपली नानी." आमच्या नात्यात नानी नावाची कोणी नाही, पण मला ते पटले.

'जैत रे जैत' हा १९७७ सालचा, गोनीदांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केलेला चित्रपट. ठाकरांच्या वाडीतला ढोलकरी नाग्या, त्याच्या डोळ्याला डसलेली राणीमाशी, आणि लिंगोबाच्या कड्यावरची पोळी उतरविण्याचा त्याचा पण. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. बैहरकडचे पाच-सहा विद्यार्थी आले होते. गाणी लागली तशी त्यांची बोटे खुर्चीच्या हातांवर वाजू लागली. नंतर त्यांतला एक बैगा मुलगा नातीला म्हणाला, ढोल ठीक आहे, आमच्याकडे मांदर असतो. पण मध काढण्याची ही रीत त्याला रुचली नव्हती. "हमारे यहाँ रात को जाते हैं, धुआँ देकर. मक्खी से दुश्मनी नहीं करते." त्याला ती कथा समजली नव्हती असे म्हणण्याचा मोह होतो. मला वाटते पुरती समजली होती. त्याचा नाग्याशीच मतभेद होता. डोंगरातल्या त्या गोष्टीवर इतके अधिकाराने बोललेले मी पुण्याच्या समीक्षेतही फारसे वाचलेले नाही.

मग चौथा शनिवार, 'श्यामची आई'. हा दादाचा हट्ट होता. आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान मिळालेला. आईची भूमिका करणाऱ्या वनमाला आपल्याच बृहन्महाराष्ट्रातल्या: जन्म उज्जैनचा, वाढल्या ग्वाल्हेरला, आणि अखेरही ग्वाल्हेरलाच झाली. आमच्या आईने हा चित्रपट नागपुरात पाहिला होता आणि परतल्यावर आम्हा दोघांना जवळ घेऊन विनाकारण रडली होती, असे दादा सांगतो. मी तेव्हा पाळण्यात होते.

त्या रात्री थंडी कडाक्याची होती. वीस घरांना दादा स्वतः जाऊन सांगून आला होता. आले सोळा जण. त्यांतले सात मंडळाचे, आणि तीन आम्हीच. वीस घरांतली मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणी अमेरिकेत. मागे उरलेली माणसे गुडघ्यांनी, दम्याने आणि रात्रीच्या भीतीने घरात बसलेली. दादाने कोणाला दोष दिला नाही. पहिल्या रांगेत मधोमध बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. 'एक पुरे' म्हणणारे ते सदस्यही आले होते. त्यांनी खुर्च्यांकडे एकदासुद्धा वळून पाहिले नाही, याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. नात स्टुलावर होती. सोळांपैकी पाच-सहा जणांसाठीच सांगायचे होते, तरी तिने पूर्ण सांगितले. पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई काठी घेऊन विहिरीकडे पिटाळते, त्या प्रसंगी ती क्षणभर थांबली, आणि 'शिक्षा' न म्हणता 'सजा' म्हणाली. तिची नजर माझ्याकडे आली. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या, आपल्यात दंड. हे तिला आता कोणी मागून सांगावे लागले नाही.

घरी येताना दादा म्हणाला, "सोळा." मी म्हटले, "हो." पुढे वैनगंगेकडून वारा आला आणि त्याने मफलर कानांवरून घट्ट केला.

शेवटच्या रविवारी 'शेरनी'. अमित मसुरकर यांचा हा चित्रपट २०२० साली याच जिल्ह्याच्या जंगलांत चित्रित झाला आणि २०२१ साली आला. सभागृह फुटायची वेळ आली, खुर्च्या संपल्यावर सतरंज्या अंथरल्या. कथेकडे कोणाचे लक्ष होते देव जाणे. "वो रास्ता देखो!", "अरे ये तो अपना..." असा गजर चालला होता. वाघिणीचे पुढे काय होते हे कळण्याआधी आपला रस्ता, आपले झाड, आपल्या गाडीचा क्रमांक पडद्यावर शोधण्यात माणसे गुंतली होती. विद्या बालन यांचा अभिनय मला तरी पुन्हा पाहावा लागेल. पण आपण राहतो ते ठिकाण पडद्यावर यावे, यात किती मोठे समाधान असते, ते त्या रात्री कळले. मराठी चित्रपट पाहताना आम्हाला इतकी वर्षे जे होत आले ते याच जातीचे असावे. फक्त आम्ही पडद्यावर गाव शोधत नव्हतो.

दोन दिवसांनी मी निघाले. सकाळी ओसरीत दादा आणि नात एका वहीवर वाकलेले होते. वही तिची. तुकारामाच्या रात्रीपासून तिने शब्द लिहून ठेवले होते: दोन्हीकडे अक्षर तेच, अर्थ निराळा. संसार, शिक्षा, चेष्टा, प्रकृती, अभ्यास. डावीकडे हिंदी अर्थ, उजवीकडे मराठी. काही जागा रिकाम्या होत्या, त्या दादा भरत होता. चष्मा कपाळावर, शिसपेन्सिल हातात. 'चेष्टा'पाशी दोघांचे जुंपले होते. ती म्हणत होती, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. तो म्हणत होता, मग आम्ही ज्याला चेष्टा म्हणतो त्याला तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, "मजाक." तो म्हणाला, "मजाक वेगळा. चेष्टेत थोडी माया असते." तिने विचारले, "तो हिंदी में क्या लिखूँ?" आणि मग, पेन्सिल त्याच्या हातातून घेत, मराठीतच म्हणाली, "आबा, ही जागा रिकामी ठेवू या."

वहीच्या शेवटच्या पानावर दादाच्या अक्षरात पुढच्या डिसेंबरची यादी होती. मराठी चित्रपट दोन. तिसऱ्या ओळीवर काहीतरी लिहून खोडलेले होते, आणि पुढे प्रश्नचिन्ह. वहिनीने माझ्या पिशवीत चिन्नोरची पुरचुंडी ठेवली आणि रिक्षा आली.